लेगिंगची दुमड आणि आपले शिवणवर्ग



आपल्याकडच्या शिवणवर्गाचा क्रम ठरलेला आहे. आधी कागदावर टीप, मग झबले, टोपडे, परकर, ब्लाउज आणि शेवटी पंजाबी ड्रेस. माझी आई हेच शिकली, मी हेच शिकले, आणि परवा भाचीने तिच्या क्लासची वही दाखवली तर त्यातही तेच. त्यात वाईट काही नाही. पण आज रात्री धुवायला पडलेल्या कपड्यांचा ढीग एकदा बघा. मुलांचे टी-शर्ट, यांचे बनियन, आपल्या लेगिंग, सासऱ्यांची ट्रॅक पँट, मुलीची पीटीची पँट, रात्रीचे गाऊन. आमच्या घरी निम्म्याहून मोठा ढीग ताणणाऱ्या कापडाचा, म्हणजे होजिअरीचा असतो. आणि या कापडाला खालची दुमड कशी घालायची, हे त्या वहीत एका पानावरही नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. होजिअरीची दुमड परकराच्या आधी शिकवायला हवी. परकर वर्षातून एखादा शिवला जातो. टी-शर्टची नाहीतर लेगिंगची दुमड घरात दर महिन्याला कुणाची तरी सुटलेली असते.

ती सुटली की काय होते, तेही आपल्याला ठाऊक आहे. टेलरकडे नेले तर तो कापड बोटांनी ताणून बघतो आणि परत देतो, "ताई, लायक्रा आहे, टीप बसणार नाही." मग ती लेगिंग कपाटाच्या तळाशी जाते आणि तिथून कामवाल्या मावशींकडे. त्यांच्याही घोट्याला ती सुटलेलीच असते. पॉलिस्टरच्या ट्रॅक पँटचे तर धड फडकेही होत नाही, पाणी टिपतच नाही. अपरिग्रहावरचे व्याख्यान ऐकून आपण घरी येतो आणि चांगल्या कापडाची वस्तू केवळ खालची हातभर टीप गेली म्हणून घराबाहेर काढतो. हे मला बरेच दिवस खटकते आहे.

टेलर म्हणतो ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. टीप बसते. फक्त परकराला मारतो तशी टीप तिथे चालत नाही. कारण कापडाची जातच वेगळी आहे.

साडी, परकर, मांजरपाट हे मागावरचे कापड. त्यात उभे धागे आणि आडवे धागे. सरळ ओढले तर ते फारसे हलत नाही, उरेब ओढले तरच थोडे देते. होजिअरीत असे उभे-आडवे धागे नसतातच. आपण दोन सुयांवर स्वेटर विणतो तसे त्यात फासेच फासे असतात, फक्त इतके बारीक की नीट बघितल्याशिवाय कळत नाहीत. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणायचे यंत्र केले, तेव्हापासून हे फासे यंत्रावर पडू लागले. आज आपल्या अंगावरची बरीचशी सुती होजिअरी तिरुपूरची असते आणि लोकरीची लुधियान्याची. (जाता जाता, बनियन हा शब्द इंग्रजांनी गुजराती वाण्यांवरून उचलला आणि आपण तो त्यांच्याकडून परत घेतला. म्हणजे नाव तरी आपल्याच माणसांचे आहे!) लायक्रा त्या मानाने अगदी अलीकडची. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत १९५८ मध्ये हा रबरासारखा ताणणारा धागा तयार झाला. लेगिंगच्या कापडात तो थोडाच असतो, पण कापड ताणल्यावर पुन्हा जागेवर येते ते त्याच्यामुळे.

फासा ओढला की लांबट होतो आणि सोडला की पुन्हा गोल होतो. आडव्या दिशेने तो सर्वांत जास्त ताणतो. आणि खालची दुमड नेमकी त्याच आडव्या दिशेने फिरते. म्हणजे जिथे कापड सर्वांत जास्त हलणार, तिथेच आपण न हलणारी टीप मारतो.

घरच्या मशिनची टीप दोन दोऱ्यांची असते, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबिनचा. दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांत अडकतात. मागावरच्या कापडाला याच्यासारखा टाका नाही, दोन्हीकडून सारखा आणि पक्का. पण त्यात शिल्लक दोरा जवळजवळ नसतो. कापड ताणले की दोऱ्याला ताणावे लागते, आणि तो तुटतो. आता बाजारातला एखादा टी-शर्ट उलटा करून बघा. बाहेर दोन समांतर टिपा दिसतील आणि आतल्या बाजूला जाळीसारखा गुंता. कारखान्यात त्याला फ्लॅटलॉकचे मशिन लागते. वर दोन सुया आणि खाली बॉबिनऐवजी फासे टाकणारा दोरा. त्या जाळीत भरपूर दोरा शिल्लक असतो, म्हणून कापडाबरोबर टीपही लांबते. घरच्या मशिनवर हुबेहूब तसे होणार नाही. पण कामापुरते नक्की होते.

लेगिंगची टीप केव्हा तुटते याकडे कधी लक्ष दिले आहे का? चालताना नाही, बसताना नाही. घालताना तुटते. टाच आत जाताना. घोट्यापेक्षा टाचेचा घेर खूप मोठा असतो, आणि ती जागा ओलांडताना दुमड पूर्ण ताणली जाते. म्हणून दुमड कशी झाली हे टेबलावर ठेवून ठरवू नये. टाच आत गेली आणि टीप राहिली, तर दुमड चांगली. आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे की नीटनेटकी टीप म्हणजे बारीक, घट्ट, सरळ. होजिअरीला यातली सरळ तेवढी चालते, बारीक आणि घट्ट दोन्ही घातक.

परकराची दुसरी सवय म्हणजे दुहेरी दुमड. आधी पाव इंच आत, मग पुन्हा इंचभर. मागावरच्या कापडाच्या कडेचे दोरे सुटतात म्हणून ती लागते. होजिअरीचे दोरे तसे सुटत नाहीत. कापलेली कड फार तर बाहेरच्या बाजूला गुंडाळते. म्हणून एकच दुमड पुरे, लेगिंगला पाऊण इंच, टी-शर्टला इंचभर. दुहेरी केली की कापडाचे तीन पदर होतात, कड जाड होते, ताणत नाही आणि घोट्याला टोचते. मुली नव्या लेगिंगचे खालचे टोक कात्रीने कापून टाकतात आणि आया ओरडतात. मला वाटते मुलींचे बरोबर आहे. घरात घालायच्या लेगिंगची कड नुसती सरळ कापून सोडली तरी काही बिघडत नाही. थोडी गुंडाळेल, इतकेच.

पण बाहेर घालायची असेल तर दुमड हवीच. नवे सुती कापड असेल तर आधी एकदा धुऊन, वाळवून घ्यावे, कारण सुती होजिअरी आटते. ओली असताना दोरीवर लटकवली तर वजनाने लांब होते, म्हणून सपाट पसरून वाळवलेली बरी. दुमड घातली की इस्त्री वरून फिरवू नका. ठेवा, उचला, पुढे ठेवा. फिरवली की कापड पुढे सरकते आणि तिथेच लाट तयार होते. इस्त्री फार गरम असेल तर लायक्राचा जीव जातो, मग ते कापड ताणते पण परत येत नाही. मग हाताने मोठा, सैल कच्चा टाका घालावा. कच्चा टाका म्हटले की नव्या मुली कंटाळतात, पण या कापडाला टाचण्यांनी भागत नाही. टाचण्यांच्या मधले कापड मशिनखाली सरकतेच.

आता सुई. सगळ्या बिघाडाचे मूळ इथे आहे आणि सर्वांत स्वस्त उपायही इथेच. आपल्या घरच्या मशिनला बहुधा वर्षानुवर्षे तीच १६ नंबरची साधी टोकदार सुई असते. टोकदार सुई फाशाच्या धाग्यात घुसते, कधी तो कापते. त्या दिवशी काही दिसत नाही. दोन-तीन धुण्यांनंतर टिपेच्या रेषेत बारीक भोके पडतात आणि फासे उसवत वर चढतात. लोक म्हणतात कापड हलके होते. कापड बिचारे चांगले होते! होजिअरीसाठी गोल टोकाची सुई मिळते, पाकिटावर बॉल पॉइंट लिहिलेले असते. ती धाग्याला न कापता बाजूला सारून दोन फाशांच्या मधून जाते. टी-शर्ट आणि लेगिंगला ११ नंबर, जाड स्वेटशर्टला १४. लायक्रा जास्त असलेल्या कापडावर टाके गळत असतील तर स्ट्रेच लिहिलेली सुई घ्या. ती खास त्याच तक्रारीसाठी केलेली असते.

दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा पटकन तुटतो. रेशीम आपल्यातल्या कित्येकजणी वापरत नाहीत, आणि इथे त्याची गरजही नाही. इंटरलॉकवाल्यांकडे एक फुगीर, लोकरीसारखा दिसणारा नायलॉनचा दोरा असतो. तो बॉबिनवर हाताने, न ओढता, सैल गुंडाळला तर खालच्या बाजूने टीप चांगलीच ताणते. वर मात्र नेहमीचा पॉलिस्टर दोराच ठेवावा.

काळ्या, पायाने चालवायच्या जुन्या मशिनवर फक्त सरळ टीप येते, म्हणून ती बाजूला सारू नका. टाका मोठा करा, इंचात सात-आठ टाके बसतील इतका. कापड दाबणाऱ्या पायाच्या दांड्यावर, मशिनच्या अगदी वर, एक फिरवायचा स्क्रू असतो. तो थोडा सैल करा. बऱ्याचजणींनी त्याला जन्मात हात लावलेला नसतो. त्याचा दाब जास्त असला की खालचे दाते कापड पुढे नेतात, वरचा पाय ते मागे रेटतो आणि दुमड लाटांची होते, लसणाच्या पातीच्या टोकासारखी वाकडीतिकडी. कापडाखाली वर्तमानपत्राची नको, शाई लागते, पण पतंगाच्या किंवा बटर पेपरची पट्टी घ्या आणि टीप झाल्यावर फाडून काढा. टीप मारताना कापड दोन्ही हातांनी अगदी किंचित ताणलेले ठेवायचे, म्हणजे सोडल्यावर टाक्यांत थोडा दोरा शिल्लक राहतो. किंचित म्हणजे किंचितच, नाहीतर पुन्हा लाटा. लाटा आल्याच तर वाफेची इस्त्री वरच्या वर धरा, सुती कापड बरेचसे जागेवर येते.

ज्यांच्याकडे झिगझॅगचे मशिन आहे त्यांचे काम सोपे. टाका लांब ठेवून रुंदी अगदी कमी, एक मिलिमीटरच्या आसपास. लांबून सरळच दिसतो, पण नागमोडी असल्यामुळे ताणतो. आणि टी-शर्टला कारखान्यासारख्या दोन समांतर टिपा हव्या असतील तर जोडसुई बसवा. वर दोन रिळे, खाली एकच बॉबिन. खालचा दोरा दोन्ही सुयांच्या मध्ये नागमोडी फिरतो, म्हणून ती टीपही ताणते. सुईच्या पाकिटावर दोन आकडे असतात, पहिला दोन सुयांमधले अंतर मिलिमीटरमध्ये आणि दुसरा सुईची जाडी. टीप कापडाच्या सुलट बाजूने मारायची आणि आत उरलेली कड नंतर टिपेलगत कापायची. दोन टिपांच्या मध्ये बोगद्यासारखा उंचवटा येत असेल तर दोऱ्याचा ताण कमी करा. एवढे मात्र ध्यानात ठेवा, फक्त सरळ टिपेच्या मशिनला जोडसुई लावू नये. त्याच्या पट्टीचे भोक एका सुईपुरतेच असते, जोडसुई त्यावर आपटून तुटते आणि तुकडा डोळ्यात उडू शकतो.

मशिनला हात लावण्याआधी त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यावर, आडव्या दिशेने, एक वीतभर टीप मारून बघा. मग दोन्ही टोके धरून कापड जाईल तितके ओढा. कट् असा आवाज आला तर टाका मोठा करा, ताण कमी करा, पुन्हा मारा. दोन मिनिटांचे काम आहे. हे एवढे एक जरी क्लासमध्ये शिकवले तरी टेलरकडून परत येणारे निम्मे कपडे घरातच नीट होतील असे मला वाटते.

सगळ्याच होजिअरीला ताणणारी दुमड लागत नाही, हेही सांगायला हवे, नाहीतर आपण उगाच घाबरून बसतो. पलाझो, गाऊन, घेरदार कुर्ता यांचा खालचा घोळ मुळात मोठा. तो अंगावर कधी ताणतच नाही. तिथे फक्त लाटा येऊ नयेत एवढे बघायचे. जपायचे ते घोटा, मनगट, गळा. जिथून शरीराचा मोठा भाग लहान तोंडातून जातो, तिथे.

आणि ज्यांच्याकडे मशिनच नाही त्यांनी हाताने करावे. मी तर म्हणेन, लेगिंगला हातशिलाईच सर्वांत टिकाऊ. धावदोरा नाही, तो तुटतो. भरतकामात शिकलेला हेरिंगबोनचा टाका. डावीकडून उजवीकडे, एक टाका दुमडीवर, एक टाका वरच्या कापडात फक्त एका फाशाला धरून, दोरा न आवळता. आतून फुल्यांची ओळ दिसते, बाहेरून जवळजवळ काही नाही. तिरक्या दोऱ्यामुळे ती कापडाबरोबर उघडते आणि मिटते. दोन पायांना अर्धा-पाऊण तास लागतो. प्रवचन ऐकताना होण्यासारखे नाही, पण दुपारी अंगणात बसून सहज होते.

घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपड्यांसाठी तर हे आजच करा. गुडघ्याचे ऑपरेशन झाले की डॉक्टर सैल ट्रॅक पँट घालायला सांगतात. दुकानात मिळते ती बहुधा उंच माणसाच्या मापाची. घरी काय करतात? खालून दोन घड्या घालतात. घडी चालता चालता सुटते आणि पायाखाली येते. वॉकर धरून चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली कापड आले तर काय होते, हे मी आमच्या नात्यात पाहिले आहे. दुमडीच्या अर्ध्या तासाच्या कामासाठी पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागली. तेव्हा टेलर हो म्हणेल याची वाट बघू नका. सुई-दोरा घ्या.

आता मला ज्यांच्याविषयी खरे बोलायचे आहे त्यांच्याकडे येते. आपल्या समाजातल्या कितीतरी भगिनी घरी पिको-फॉल करून संसाराला हातभार लावतात. लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, पण एरवी? नव्या सुना रोज साडी नेसत नाहीत. साडी कमी झाली की पिको कमी, फॉल कमी. आमच्या ओळखीच्या एक वहिनी म्हणाल्या, "पूर्वी पावसाळ्यातसुद्धा चार साड्या पडून असायच्या, आता मशिनवर चादर असते." पण पिकोचे मशिन म्हणजे झिगझॅगचेच मशिन! होजिअरीच्या दुमडीला जे हवे ते त्यांच्या घरात आधीपासून आहे. सुई बदलायची, रुंदी कमी करायची, दाब सैल करायचा. वहिनींना हे सांगितले तर म्हणाल्या, "अहो, मला कुणी विचारलेच नाही, मी आपली साडीच करते." त्यांनी दारावर पिको-फॉलच्या खाली "लेगिंग व टी-शर्टची दुमड करून मिळेल" एवढी एक ओळ लिहिली तर गल्लीतली किती घरे येतील, तुम्हीच सांगा. आपणही नवी लेगिंग घेण्याआधी जुनी त्यांच्याकडे न्यावी, आणि मोबदला देताना घासाघीस करू नये. टेलर ज्याला नाही म्हणाला ते काम त्या करणार आहेत.

चातुर्मासात बहुतेक गावांत महिला मंडळाची शिबिरे होतात. मेंदी, रांगोळी, पाककृती, पाठांतर. शिवणाचा वर्ग ठेवला तरी पुन्हा ब्लाउजच. यंदा मंडळाच्या अध्यक्षा आणि कार्यकर्त्या भगिनींना माझी विनंती आहे, त्यातली एकच दुपार होजिअरीसाठी द्या. बाहेरून शिक्षिका बोलवायची गरज नाही, गावातली पिको करणारी भगिनी शिकवील, आणि तिचे चार नवे गिऱ्हाईकही तिथेच होतील. मंडळाने बॉल पॉइंट सुयांची पाच-सहा पाकिटे, पॉलिस्टर दोऱ्याची काळी, पांढरी आणि निळी रिळे आणि बटर पेपर आणावा. कापड विकत आणू नये. प्रत्येकीने घरून खालची टीप सुटलेली एक लेगिंग आणि घरातल्या कुणाचा तरी लांब झालेला एक पायजमा घेऊन यावे. कपाटाच्या तळाशी बघा, सापडेल.